कंट्रीतली स्टील गिटार कशी ऐकावी आणि घरच्या गिटारवर कशी सुरू करावी

जुन्या अमेरिकन कंट्री गाण्यातली स्टील गिटार ओळखायची असेल, तर गायक श्वास घ्यायला थांबतो तिथे कान लावा. ओळ संपलेली असते, पुढची सुरू व्हायला दोन-तीन मात्रा असतात. तेवढ्या जागेत एक आवाज खालून सरकत वर येतो, स्वरावर टेकतो, किंचित हलतो आणि गायकाने पुन्हा तोंड उघडायच्या आत थांबलेला असतो. हे थांबणं मला या वाद्यातलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात सुंदर काम वाटतं. तारेवरून लोखंड सरकवणं कुणालाही पहिल्या दिवशी जमतं. कुठे पोचायचं आणि कधी गप्प व्हायचं, हे कळायला वेळ लागतो.

भोसरी एमआयडीसीत माझं हायड्रॉलिक सिलेंडर दुरुस्तीचं लहानसं वर्कशॉप आहे आणि राहायला मी नारायण पेठेत. हवाईयन गिटार मला माझ्या काकांनी शिकवली. ते गणपतीच्या दिवसांत ऑर्केस्ट्रात सिनेमाची गाणी वाजवायचे. हजारा सिंग, व्हॅन शिप्ली, सुनील गांगुली यांच्या रेकॉर्डी ऐकून ते शिकले आणि त्यांचं ऐकून मी. याच वाद्याचा अमेरिकेत गेलेला वंश कसा वाजतो या कुतूहलापोटी मी कंट्री ऐकायला लागलो आणि आता संध्याकाळी घरी आलो की तेच वाजवतो. पुण्यात कुणाला ऐकवलं की माणूस आधी थबकतो आणि मग विचारतो, "हे वाजवतात कसं हो?" त्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं म्हणून हे लिहितोय. आधी ऐकण्याबद्दल, मग पेडलबद्दल, आणि शेवटी घरच्या गिटारबद्दल.

वाद्याचा प्रवास थोडक्यात सांगतो. हवाई बेटांवर जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी मुलाने १८८० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत बसवली. गिटार मांडीवर आडवी ठेवायची आणि बोटांनी तारा दाबण्याऐवजी त्यांवर पोलादाचा तुकडा, म्हणजे बार, सरकवायचा. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, तिथून या आवाजाचं वेड अमेरिकाभर पसरलं. पुढे ताऊ मोए हा हवाईयन वादक १९४० च्या दशकात कोलकात्यात राहिला, तिथे त्याने शिकवलं, आणि आपल्याकडे हवाईयन गिटारचं एक घराणंच उभं राहिलं. ब्रिजभूषण काब्रांनी ती रागसंगीतात आणली. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची १९६७ ची ध्वनिमुद्रिका पुण्यात कित्येक घरांत आहे. त्या ध्वनिमुद्रिकेतली गिटार आणि नॅशव्हिलच्या कंट्री गाण्यातली गिटार एकाच मुळाच्या आहेत, हे मनात ठेवून ऐकलं तर पुढचं सगळं सोपं जातं.

तिकडे मात्र तिला वेगळं काम मिळालं. नाचाच्या हॉलमध्ये गर्दीच्या कोलाहलात साधी गिटार ऐकूच यायची नाही. म्हणून १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला रिकनबॅकर कंपनीची जी पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार बाजारात आली ती मांडीवर ठेवायचीच होती. तिच्या आकारावरून लोक तिला 'फ्राइंग पॅन' म्हणत. १९३५ मध्ये बॉब डन आणि १९३६ मध्ये लिऑन मॅकऑलिफ यांनी टेक्सासच्या नाचाच्या बँडमधून हा विजेवरचा आवाज रेकॉर्डवर नेला, आणि कंट्रीला तो कायमचा चिकटला.

ऐकायला काय घ्यायचं

फार गाणी गोळा करू नका. तीन पुरेत.

पहिलं, हँक विल्यम्सचं 'युअर चीटिन हार्ट'. सप्टेंबर १९५२ मध्ये नॅशव्हिलला ध्वनिमुद्रित झालं. त्यानंतर तीनेक महिन्यांत, १ जानेवारी १९५३ ला हँक गेला. स्टील वाजवलीय डॉन हेल्म्सने. या गिटारला पेडल नाहीत, जे काही आहे ते हातातल्या बारचं. पहिल्यांदा फक्त सुरुवातीचा तुकडा ऐका आणि बंद करा. तो तुकडा गुणगुणता येईपर्यंत पुढे जाऊ नका. मग पूर्ण गाणं लावा आणि शब्दांकडे लक्ष न देता एवढंच बघा की हेल्म्स कोणत्या उंचीवर वाजवतोय. तो जवळजवळ सतत वरच्या तारांवर असतो. हँकचा आवाज मधल्या पट्टीत, रिदम गिटार आणि डबल बास खाली, आणि स्टील सगळ्यांच्या वर, बारीक, धारदार. त्यामुळे ती गायकाच्या अंगावर कधीच येत नाही. तिसऱ्यांदा ऐकताना हँकचा आवाज कुठे फुटतो ते पाहा. स्वर गळ्यातून नाकाकडे उडी मारतो तशी एक जागा त्याच्या गाण्यात असते, आणि स्टील पुढच्या रिकाम्या जागेत नेमकी तीच उडी सरकवून दाखवते. मला वाटतं, कंट्रीने हे वाद्य पोटाशी धरलं ते यासाठी. पियानोला ही उडी घेता येत नाही. फिडलला, म्हणजे व्हायोलिनला, घेता येते, पण फिडल एकट्या माणसासारखं गातं. स्टील दोन-तीन तारा एकदम सरकवते, म्हणजे अख्खा कॉर्डच (एकदम वाजणारे स्वर) हुंदका देतो.

दुसरं गाणं वेब पिअर्सचं 'स्लोली', १९५४ साली गाजलेलं. यात बड आयझॅक्सने एक गोष्ट केली ज्याने पुढची सत्तर वर्षं ठरवली. तार वाजत असतानाच त्याने पायाने पेडल दाबलं. पेडलवाल्या गिटारी आधीही होत्या, पण पेडल वापरायचं ते दोन वाजवण्यांच्या मध्ये, ट्यूनिंग बदलायला. आयझॅक्सच्या वाजवण्यात एक स्वर जागेवर थांबलेला आणि त्याच्या शेजारचे स्वर त्याला सोडून वर सरकताना ऐकू येतात. नुसत्या बारने हे होत नाही, कारण बार सगळ्या तारांना एकत्र हलवतो.

तिसरं, बक ओवेन्सचं 'टुगेदर अगेन', १९६४. मधला तुकडा टॉम ब्रमलीचा. हे मी सगळ्यात शेवटी ठेवलं, कारण यात घाई अजिबात नाही आणि घाई नसलेलं वाजवणं पहिल्या ऐकण्यात सोपं वाटतं. प्रत्येक स्वर कसा सुरू होतो ते ऐका. नखीचा टोला जवळजवळ ऐकूच येत नाही, आवाज हळूच फुगत येतो. ते काम आवाजाच्या पेडलचं, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या वेगळ्या पेडलचं. तार छेडताना आवाज अर्ध्यावर, आणि तार मंदावत जाईल तसं पाऊल हळूहळू पुढे. त्यामुळे आस, म्हणजे छेडल्यानंतर रेंगाळणारा नाद, लांबते. सतारीला किंवा काब्रांच्या गिटारला ही सोय नव्हती, म्हणून आपल्याकडे वादक चिकारी आणि पुन्हा पुन्हा छेडणं वापरून जागा भरतात. कंट्रीचा वादक एकदा छेडतो आणि स्वर जगवत ठेवतो.

गंधाराची गोष्ट

इथे पुण्यातल्या माणसाला एक आयता फायदा आहे आणि तो कुणी वापरत नाही याचं मला वाईट वाटतं. सवाईच्या मांडवात दरवर्षी बसणाऱ्या माणसाचे कान तानपुऱ्यावर पोसलेले असतात. खर्जाची तार छेडली की तिच्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार त्याला माहीत असतो. तो गंधार पेटीच्या किंवा पियानोच्या गंधारापेक्षा उतरलेला असतो, साधारण १४ सेंटने, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या भागाइतका. फरक ऐकायला लहान, पण कॉर्डमध्ये तो दुधात मीठ पडल्यासारखा कळतो.

बरेच स्टील वादक आपल्या गंधाराच्या तारा असाच उतरवून लावतात. बाकीचा बँड पियानोच्या हिशेबाने चालतो, स्टीलच्या तारा मात्र एकमेकींशी शुद्ध जुळलेल्या असतात, आणि त्या आवाजात जी गोडी वाटते तिचा मोठा भाग इथून येतो. म्हणून स्टील लावताना डिजिटल ट्यूनरवर गंधाराचा काटा मध्यावर आणून समाधान मानू नका. तानपुऱ्याचं ॲप लावा, डोळे मिटा आणि गंधार खाली आणत आणत तो थरथरायचा थांबतो तिथे सोडा. मुलं यात घोटाळतात, पण भजनाला बसलेल्या माझ्या शेजारच्या आजी चटकन सांगतात, "आता लागला."

पेडलच्या आत काय असतं

पेडल स्टील घ्यायची घाई नाही, पण तिचं यंत्र समजून घ्या, कारण ऐकताना उपयोग होतो. माझ्यासारख्या यंत्राच्या माणसाला तर तिचं पोट उघडून बघितल्यावर दुसरं काही सुचत नाही.

नेहमीच्या कंट्री पेडल स्टीलला दहा तारा, तीन पेडल आणि गुडघ्याने ढकलायचे चार किंवा जास्त लिव्हर असतात. पेडलपासून एक सळई वर गिटारच्या पोटात जाते, तिथे बेलक्रँकने ओढीची दिशा बदलते, आणि आडवा पुल रॉड ब्रिजकडच्या, म्हणजे तारांच्या उजव्या टोकाकडच्या, चेंजरला ओढतो. चेंजर म्हणजे प्रत्येक तारेसाठी एक वेगळं धातूचं बोट. ते जरासं फिरलं की त्यावरून गेलेली तार ताणली जाते आणि स्वर चढतो. किती चढायचा ते गिटारच्या टोकाशी असलेल्या नायलॉनच्या नटावर ठरतं. तो फिरवून वादक पेडल दाबलेल्या अवस्थेतला स्वरही वेगळा लावून घेतो. सगळं ओढीवर चालतं, त्यामुळे सांध्यांत ढिलेपणा चालत नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये पिनला जेवढा क्लिअरन्स आम्ही सहज सोडतो, तेवढा इथे सोडला तर गाणं बेसूर होईल.

आता हे सरगमीत बघा. ट्यूनिंगचं नाव ई नाइन्थ. ई ला सा धरला तर मुख्य तारांत सा, ग, प मिळतात. पहिलं पेडल प ला ध वर नेतं. दुसरं ग ला म वर नेतं. सा जागचा हलत नाही. म्हणजे दोन्ही पेडल एकदम दाबली की सा-ग-प चं सा-म-ध होतं, बार तसूभरही न हलवता. कंट्री गाण्यात कॉर्ड सा वरून म वर जातो ती जागा पुन्हा पुन्हा येते, आणि दर वेळी स्टील हे दोन स्वर उचलून देते. 'स्लोली' पुन्हा लावा आणि त्यात जागेवर राहिलेला स्वर शोधा. तो सापडला की पेडल कानाला दिसायला लागतं.

या ट्यूनिंगला आजचं रूप देण्यात स्टील वादक बडी एमन्सचा मोठा वाटा आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने वरच्या बाजूला दोन तारा वाढवल्या, त्यामुळे सरळ सप्तक एकाच जागी वाजवता यायला लागलं. रॅल्फ मूनी, लॉइड ग्रीन, पीट ड्रेक ही नावंही लक्षात ठेवा. ग्रीनचं वाजवणं मला सगळ्यात जवळचं, कारण तो गायकाला भरपूर मोकळी जागा देतो.

घरची गिटार मांडीवर घेताना

पोलादी तारांची कुठलीही जुनी ॲकॉस्टिक गिटार चालेल. नायलॉनच्या तारांची नको. घरात कुणाच्या कॉलेजच्या दिवसांतली पडून असेल तर तीच घ्या, नाहीतर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा. फ्रेट (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) झिजलेले असले, नेक किंचित वाकलेली असली तरी हरकत नाही, कारण तारा फ्रेटला टेकणारच नाहीत. बघायचं ते एवढंच की ब्रिज मागून उचललेला नाही आणि खुंट्या घसरत नाहीत.

तारा उचलण्यासाठी नटवर, म्हणजे खुंट्यांकडे तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीवर, एक उंच नट बसवावा लागतो. तयार मिळतो, एक्स्टेंशन नट म्हणून. मी पितळी पट्टीचा केला होता, खालून खाच आणि वर त्रिकोणी कानशीने सहा बारीक खाचा. तारा फ्रेटपासून आठ ते दहा मिलिमीटर वर राहिल्या पाहिजेत. यात एक गोष्ट हमखास सुटते. साध्या गिटारचं सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) किंचित गोलाईचं असतं आणि आपला बार असतो सरळ. सॅडलची गोलाई तशीच राहिली तर मधल्या तारा बारला लागतात आणि कडेच्या किणकिणतात. म्हणून सॅडल काढून सरळ पट्टीचं घाला, आणि वर पोलादी स्केल आडवी ठेवून सहाही तारा तिला टेकतात ना ते तपासा. दुकानात हे कुणी करून देईल याची वाट बघू नका, घरी होण्यासारखं काम आहे.

तारांचा सेट १३ चा, म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.०१३ इंचाची असलेला, घ्या. बारीक तारा बारखाली दबतात आणि स्वर चढतो.

ट्यूनिंग जी चं, म्हणजे पांढरी पाच. सहाव्या, जाड तारेपासून पहिलीपर्यंत: डी, जी, डी, जी, बी, डी. सरगमीत प, सा, प, सा, ग, प. नेहमीच्या लावण्यातून सहावी, पाचवी आणि पहिली अशा तीनच तारा उतरवायच्या आहेत, चढवायची एकही नाही, त्यामुळे जुन्या गिटारला धोका नाही. दुसऱ्या तारेवरचा गंधार मात्र वर सांगितला तसा कानाने लावा. कंट्रीत डोब्रो (पोटात धातूची तबकडी असलेली आडवी गिटार) वाजवणारे खालच्या दोन तारा वेगळ्या लावतात, पण वरच्या चार याच. वाजवायचंही मुख्यतः त्यांवरच आहे.

आता बार. तयार मिळतात आणि चांगले असतात. पण पुण्यात राहून हा तुकडा बाहेरून मागवायचा हे मला पटत नाही. कुठल्याही हायड्रॉलिकवाल्याकडे हार्ड क्रोम रॉडचे तुकडे पडलेले असतात. २० मिलिमीटर व्यास आणि ७५ मिलिमीटर लांबी सांगा. वजन १८५ ग्रॅमच्या आसपास भरतं, सहा तारांना छान. एक टोक अर्धगोल करून घ्या, दुसऱ्याची धार मोडून घ्या, आणि बफिंग मारून घ्या. नख फिरवल्यावर कुठेही अडकता कामा नये, कारण तारेवर तो ओरखडा खर्र करून ऐकू येतो. कापलेल्या टोकांना क्रोम नसतं, तिथे गंज धरतो, म्हणून अधूनमधून तेलाचं बोट लावा आणि वाजवायच्या आधी पुसून टाका.

उजव्या हाताला प्लॅस्टिकची अंगठ्याची नखी आणि तर्जनी-मध्यमेला धातूच्या. सतारीची मिजराब वापरून बघणारे भेटतात. तिचा टोला फार बारीक पडतो, या वाजवण्याला शोभत नाही.

बसणं, धरणं, थांबवणं

हात नसलेली खुर्ची, दोन्ही पावलं जमिनीवर, गिटार मांड्यांवर आडवी, तारा छताकडे. बार डाव्या हातात, तर्जनी वरून लांब पसरलेली, अंगठा आणि मध्यमा बाजूंनी. अनामिका आणि करंगळी बारच्या मागे तारांवर हलकेच टेकलेली राहतात. त्यांच्यामुळे बारच्या मागच्या तारेचा गुणगुणाट बंद होतो. दाब द्यायचा नाही, बारचं वजन पुरतं.

साध्या गिटारवर बोट दोन पट्ट्यांच्या मध्ये दाबतात. इथे बार बरोबर पट्टीच्या माथ्यावर. आणि डोळा त्या पट्टीच्या सरळ वर पाहिजे, तिरकं पाहिलं की दोन मिलिमीटर फसायला होतं आणि तेवढ्यात सूर जातो.

पहिला अभ्यास थांबवण्याचा. उजव्या तळव्याची करंगळीकडची कड तारांवर ठेवा, उचला, एक स्वर छेडा, लगेच कड पुन्हा टेकवा. स्वर कापल्यासारखा थांबला पाहिजे. हे हळू लयीत, केरव्याच्या ठेक्यावर करत राहा. एका स्वरावरून बार दुसऱ्यावर नेताना आधी थांबवा, मग न्या, मग छेडा. म्हणजे सरकण्याचा आवाज अजिबात नको. हे पक्कं झाल्याशिवाय मींड घेऊ नका. आपल्याकडचा हात मुळात मींडेचा, त्यामुळे सगळंच सरकवून टाकायचा मोह होतो, आणि मग प्रत्येक स्वर रडका वाजतो. "रडकं वाद्य आहे" अशी तक्रार मी पुण्यात खूपदा ऐकतो. ती वाद्याची तक्रार नाही, सतत सरकवण्याची आहे. हेल्म्स किती स्वर सरळ, कोरडे वाजवतो ते मोजून बघा.

कंपही तसाच. स्वर आधी स्थिर लागू द्या. मग बार किंचित मागेपुढे घोळवा, दोन्हीकडे सारखा आणि सावकाश. लागायच्या आधीच हलवायला लागलात तर ऐकणाऱ्याला स्वर कुठला तेच कळत नाही.

दोन तारांचं सप्तक

हा अभ्यास मला सगळ्यात प्रिय, कारण बार सरळ ठेवूनच कंट्रीचा गोड जोडस्वर मिळतो. तारा जोडीने छेडायच्या, कधी तिसरी-दुसरी, कधी दुसरी-पहिली.

मोकळ्या तारांवर तिसरी-दुसरी म्हणजे सा-ग, दुसरी-पहिली म्हणजे ग-प. पाचव्या फ्रेटवर तिसरी-दुसरी म-ध. सातव्यावर तिसरी-दुसरी प-नि. पुन्हा पाचव्यावर या, पण आता दुसरी-पहिली, ध आणि वरचा सा. सातव्यावर दुसरी-पहिली, नि आणि वरचा रे. बाराव्यावर तिसरी-दुसरी, वरचे सा-ग. दहाव्यावर दुसरी-पहिली, वरचे रे-म. आणि बाराव्यावर दुसरी-पहिली, वरचे ग-प. खालच्या सप्तकातली रे-म ची जोडी तेवढी मिळत नाही, बाकी सगळी वाट आहे. हाताने हे चालायला लागलं की लक्षात येईल, बार फक्त पाच, सात, दहा आणि बारा एवढ्याच ठिकाणी जातोय.

तेच फ्रेट कॉर्डचेही आहेत. मोकळं किंवा बारावं म्हणजे सा चा कॉर्ड, पाचवं म चा, सातवं प चा. जुनी कंट्री गाणी बहुतेक या तिनांतच फिरतात.

पेडलसारखा आवाज काढायची एक युक्तीही आहे. बाराव्यावर तिसरी आणि दुसरी छेडा, सा-ग. मग बारच्या मागे डाव्या अनामिकेने दुसरी तार आपल्याकडे ओढा, ग चढून म व्हायला हवा, आणि सा जागेवर राहील. सुरुवातीला बोट दुखतं आणि स्वर अर्धवट चढतो. सोडताना हळू सोडा, म वरून ग वर उतरणं हेच जास्त सुंदर वाजतं.

जागा भरणं

हात थोडा बसला की एकट्याने वाजवत बसू नका, कुणाला तरी गायला लावा. माझी बायको भजनी मंडळात गाते. ती अभंगाची एक ओळ म्हणते आणि मी ती गात असेपर्यंत हात तारांवर ठेवून गप्प बसतो. ओळ संपली की दोन मात्रांत दोन-तीन स्वर, आणि तिने पुढचा शब्द घ्यायच्या आत तारा बंद. शेवटचा स्वर असा निवडायचा की तिच्या पुढच्या शब्दाला तो हात देईल. ती ज्या स्वरावर उठणार, त्याच्या शेजारी येऊन थांबायचं. ठुमरीत सारंगीवाला हेच करतो, फक्त त्याला गायिकेच्या मागे सावलीसारखं चालायचीही मुभा असते. कंट्रीत गाणं चालू असताना स्टीलने फार तर एखादा लांब कॉर्ड धरायचा, तोही वर आणि हळू.

यात माझ्या बायकोचा एक नियम आहे आणि तो मला मान्य आहे. तिला शब्द विसरायला झालं तर चूक माझी, मी जास्त वाजवलं.

ॲकॉस्टिकवर हे जमायला लागलं आणि आस कमी पडतेय असं वाटलं, की तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून एक पिझो डिस्क (कंप टिपणारी चकती), जॅक आणि केबल आणा, ब्रिजजवळ चिकटवा आणि लहान ॲम्पला जोडा. मध्ये आवाजाचं पेडल घाला. पेडल तार छेडताना अर्ध्यावर, मग सावकाश पुढे. ते एकदम दाबलं तर आवाज ओकल्यासारखा बाहेर येतो. ॲम्पवर रिव्हर्ब (घुमारा) थोडाच, आणि ट्रेबल घाबरून कमी करू नका, धारेतच तिचा जीव आहे.

पुढचा टप्पा सहा तारांची लॅप स्टील आणि सी सिक्स्थ ट्यूनिंग. खालून वर सी, ई, जी, ए, सी, ई, म्हणजे सा, ग, प, ध, सा, ग. स्टील वादक जेरी बर्डचं हे आवडतं ट्यूनिंग. यासाठी तारांचा वेगळा सेट लागतो. साध्या गिटारच्या तारा ओढून तिथपर्यंत नेऊ नका, तुटतात. ध ची तार आल्यामुळे नुसत्या सरळ बारवर मायनर कॉर्डही मिळतो, आणि मग बार तिरका धरायला शिकता येतं.

जून ते सप्टेंबर तारा लवकर गंजतात. वाजवून झाल्यावर प्रत्येक तार खालून-वरून कोरड्या सुती कापडाने पुसा, बार वेगळ्या कापडात गुंडाळून ठेवा, आणि गिटार बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. तारेवर बोट फिरवल्यावर खरखर लागली की सेट बदला. गंजलेल्या तारेवर बार कितीही चांगला असला तरी गंधार लागत नाही.